होम स्टुडिओतली गुणगुण आणि खरखर: आधी शोधा, मग खरेदी करा

स्पीकरमधून गुणगुण यायला लागली की बहुतेक जण आधी महागडी केबल मागवतात. फरक पडला नाही की पॉवर कंडिशनर येतो. त्यानेही भागलं नाही की यूएसबीला लावायचं कसलंसं फिल्टर. शेवटी खण सामानाने भरतो आणि गुणगुण आहे तिथेच राहते, कारण आवाज साखळीतल्या कुठल्या दुव्यातून शिरतोय हे कुणी पाहिलेलंच नसतं.

खालचा क्रम मुद्दाम तसा लावला आहे. फुकटच्या तपासण्या आधी, पैसे लागणारे उपाय नंतर. मधला टप्पा गाळलात तर पुढच्या टप्प्यातल्या निष्कर्षावर भरवसा ठेवता येणार नाही.

एक गोष्ट कधीच करायची नाही

तीन पिनांच्या प्लगची अर्थिंगची पिन कापायची नाही, तिच्यावर टेप गुंडाळायची नाही, तिला डावलणारं दोन पिनांचं अडॅप्टर लावायचं नाही. हा ‘उपाय’ अजूनही सर्रास सांगितला जातो आणि त्याने गुणगुण बऱ्याचदा थांबतेही. पण उद्या त्या उपकरणाच्या आत फेजची तार सुटून धातूच्या खोक्याला लागली, तर करंटला जमिनीत जायची भरवशाची वाट उरत नाही आणि एमसीबी पडेलच असं नाही. खोकं, तिथून केबलची जाळी (आतल्या तारेभोवतीचं धातूचं आवरण), तिथून गिटारच्या तारा, असा सगळीकडे करंट उतरतो. एक हात त्या तारांवर आणि ओठ अर्थिंग असलेल्या माइकला, एवढ्याने जीव जाऊ शकतो.

अर्थिंगचा लूप (जोडलेल्या उपकरणांच्या अर्थिंगमधून आणि केबलमधून बनणारं बंद वर्तुळ) तोडायचाच असेल तर तो ऑडिओच्या केबलमध्ये तोडायचा, मेन्सच्या प्लगमध्ये कधीच नाही. पुढचे सगळे उपाय याच नियमावर उभे आहेत.

टप्पा १: तयारी

हाताशी हवं ते एवढंच: तारेचा हेडफोन, चालू असल्याची खात्री असलेली एक बॅलन्स्ड केबल (सिग्नल दोन तारांवर नेणारी, टप्पा ४ पाहा), चिकटपट्टी, पेन आणि वही. मल्टिमीटर असला तर बरा, नसला तरी अडत नाही.

स्पीकरचा व्हॉल्यूम आणि इंटरफेसचे (माइक, गिटार आणि स्पीकर कॉम्प्युटरला जोडणाऱ्या खोक्याचे) नॉब नेहमीच्या जागी आणा आणि तिथे चिकटपट्टीने खूण करा. तपासणी संपेपर्यंत हे नॉब हलवायचे नाहीत. हे पथ्य सगळ्यांत जास्त वेळा मोडलं जातं. कुणी केबल बदलतं, त्याच वेळी गेन (इनपुटचा सिग्नल किती वाढवायचा ते प्रमाण) थोडा खाली येतो आणि ‘नव्या केबलने फरक पडला’ असं वाटतं.

मग रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये दहा सेकंदांची शांतता रेकॉर्ड करा आणि मीटर उणे किती डेसिबलवर थांबतो ते लिहून ठेवा. पुढची प्रत्येक तुलना या आकड्याशी. कानाला दहा मिनिटांत गुणगुणीची सवय होते, मीटरला होत नाही.

फोन एअरप्लेन मोडवर टाका किंवा दुसऱ्या खोलीत ठेवा.

पडताळणी: आवाज विजेचाच आहे ना? कॉम्प्युटरचा पंखा माइकमध्ये शिरत असेल तर तो हवेतून येतो, त्याला यातला कुठलाच उपाय लागू नाही. तसंच काही उपकरणांचा ट्रान्सफॉर्मर स्वतःच गुणगुणतो. स्पीकर बंद करून खोक्यांजवळ कान न्या. तरीही ऐकू आलं तर ती धातूच्या पट्ट्यांची थरथर आहे, सिग्नलमधला दोष नाही.

टप्पा २: आवाज स्पीकरमध्ये आहे की रेकॉर्डिंगमध्ये?

या प्रश्नाने निम्मं काम होतं, आणि तो विचारायचाच राहून जातो.

मघाशी रेकॉर्ड केलेली शांतता दुसऱ्या कुठल्या तरी यंत्रावर, म्हणजे फोनवर वगैरे ऐका. त्यात गुणगुण असेल तर दोष इनपुटच्या बाजूला: माइक, गिटार, कीबोर्ड, त्यांच्या केबल. त्यात नसेल आणि स्पीकरमध्येच ऐकू येत असेल तर दोष आउटपुटच्या बाजूला. आता स्पीकर बंद करून इंटरफेसच्या हेडफोन जॅकवर ऐका. तिथे शांत असेल तर इंटरफेस आणि स्पीकर यांच्यामध्ये शोधा. तिथेही असेल, पण रेकॉर्डिंगमध्ये नसेल, तर संशय इंटरफेसच्या आउटपुटवर किंवा यूएसबीतून येणाऱ्या पॉवरवर घ्या.

दोन्हीकडे असेल तर आधी इनपुटची बाजू साफ करा, म्हणजे टप्पा ५ आधी आणि टप्पा ४ नंतर. इनपुटमधला कचरा आउटपुटमध्ये येणारच.

टप्पा ३: आवाज ओळखा

सॉफ्टवेअरमधला, कुठल्या हर्ट्झवर किती आवाज आहे ते दाखवणारा स्पेक्ट्रम अ‍ॅनलायझर उघडा. तो नसेल तर कीबोर्ड वापरा. मधल्या सीच्या खालचा तिसरा जी ४९ हर्ट्झचा आणि दुसरा जी ९८ हर्ट्झचा असतो. मेन्स ५० हर्ट्झची असेल तर गुणगुण या दोन सुरांच्या किंचित वर बसते. ६० हर्ट्झच्या विजेवर ती त्याच सप्तकांतल्या बीच्या जवळ सापडते.

जाड, गोल गुणगुण, जोर ५० किंवा ६० हर्ट्झवर: जवळच्या ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र, किंवा जाळी तुटलेली केबल. अर्थिंगच्या लूपमधूनही असा आवाज येतो.

करकरीत, दातेरी बझ, १०० हर्ट्झ आणि त्याच्या पटीत वरपर्यंत शिखरं: पॉवर सप्लाय, डिमर किंवा लूप. लहान स्पीकर ५० हर्ट्झ नीट वाजवतच नाहीत, त्यामुळे लोक ज्याला ‘५० ची हम’ म्हणतात ती बहुतेकदा १०० आणि त्यापुढची असते.

बारीक शिट्टी किंवा किरकिर, माउस हलवला किंवा पान सरकवलं की बदलणारी: कॉम्प्युटरचा आवाज, यूएसबीच्या अर्थिंगमधून आलेला. १ किलोहर्ट्झ किंवा ८ किलोहर्ट्झ आणि त्यांच्या पटीत टोकदार शिखरं दिसली तर संशय आणखी पक्का, कारण यूएसबीवरची देवघेव दर मिलिसेकंदाच्या आणि हाय-स्पीडमध्ये दर १२५ मायक्रोसेकंदांच्या ठेक्यात चालते.

एकसारखी सूं सूं, कुठलंच शिखर नाही: गेन जास्त, स्रोत दुबळा. याचा अर्थिंगशी काही संबंध नाही.

केबल हलवली की खरखर, कट्ट असा आवाज: सुटलेला टाका, मळलेला जॅक, झिजलेला नॉब. इथे निदान झालंच, केबल बदला किंवा जॅक साफ करा.

टप्पा ४: आउटपुटची बाजू, शेवटाकडून मागे

साखळी पूर्ण तोडा आणि स्पीकरपासून एकेक दुवा जोडत मागे या. प्रत्येक जोडणीनंतर वहीत एक ओळ: काय जोडलं, आवाज आला की नाही. जोडताना आणि काढताना स्पीकर बंद ठेवा.

१. स्पीकरला फक्त पॉवर, केबल नाही. अगदी जवळ कान नेल्यावर ट्विटरमधून (उंच सुरांच्या छोट्या स्पीकरमधून) हलकी सूं सूं आली तर ती जवळजवळ प्रत्येक पॉवर्ड स्पीकरमध्ये असते. बसायच्या जागेवरून गुणगुण ऐकू आली तर दोष स्पीकरचाच, पुढे शोधू नका. मागे इनपुट सेन्सिटिव्हिटीचा स्वीच असेल तर तो +४ वर हवा. −१० वर असेल तर सगळा कचरा उगाच वाढून ऐकू येतो.

२. इंटरफेस बंद, त्याला यूएसबी नाही, पण केबलची दोन्ही टोकं जागेवर. केबलचं एक टोक मोकळं लोंबत ठेवून ऐकू नका. मोकळी केबल अँटेनासारखी वागते, हमखास गुणगुणते आणि खोटा संशय निर्माण करते.

३. यूएसबी लावा. लॅपटॉप बॅटरीवर, चार्जर काढलेला, बाकी काहीही जोडलेलं नाही. बाहेरचा डिस्प्ले नाही, नेटवर्कची केबल नाही, बाहेरची हार्डडिस्क नाही.

४. चार्जर लावा.

५. मग डिस्प्ले, हब, प्रिंटर असं एकेक करत.

बॅटरीवर शांत आणि चार्जर लावताच बझ, हे चित्र वारंवार दिसतं. चार्जर तीन पिनांचा असेल तर लॅपटॉप त्याच्यातून अर्थिंगला जोडला जातो, स्पीकर आपल्या प्लगमधून जोडलेले असतातच, आणि दोघांना जोडणारी ऑडिओ केबल हे वर्तुळ पूर्ण करते. दोन पिनांच्या चार्जरचं दुखणं वेगळं. त्याच्या आतल्या कपॅसिटरमधून थोडा करंट बाहेर झिरपतो आणि तो जमिनीपर्यंत पोचायला तुमचीच ऑडिओ केबल वापरतो. लॅपटॉपच्या धातूच्या पाठीवरून बोट हलकेच फिरवलं की जी झिणझिण जाणवते, ती हीच. अशा वेळी अर्थिंग असलेला चार्जर लावून आवाज कमी झालेलाही पाहायला मिळतो. म्हणून ‘अर्थिंगमुळे हम येते’ हे सरसकट वाक्य डोक्यातून काढून टाका.

सावधान: जे शेवटी जोडल्यावर आवाज आला तेच दोषी, असा निष्कर्ष लगेच काढू नका. लूपला दोन टोकं लागतात. ते उपकरण तसंच ठेवून आधी जोडलेली एखादी वस्तू काढून पाहा. तरी आवाज गेला तर तुम्हाला लूपची दोन्ही टोकं सापडली.

आता लूप तोडायचे उपाय, याच क्रमाने:

आधी सगळी ऑडिओ उपकरणं आणि कॉम्प्युटर एकाच सॉकेटवरच्या एकाच चांगल्या एक्स्टेंशन बोर्डवर आणा. होम स्टुडिओच्या उपकरणांचा भार फारसा नसतो, पण त्याच बोर्डवर हीटर किंवा एसी घेऊ नका. दोन भिंतींवरच्या दोन सॉकेटांच्या अर्थिंगमध्ये थोडासा फरक असतो, आणि तोच फरक केबलच्या जाळीतून वाहत असतो. निम्मे लूप इथेच शांत होतात.

मग इंटरफेस आणि स्पीकर यांच्यामध्ये दोन्ही टोकांना बॅलन्स्ड केबल लावा. टीआरएस जॅकवर दोन काळ्या रेघा असतात, टीएसवर एकच. एका टोकाला टीआरएस आणि दुसऱ्या टोकाला टीएस किंवा आरसीए असेल तर ती जोडणी बॅलन्स्ड राहत नाही, केबल कितीही भारी असो. इंटरफेसचं आउटपुट बॅलन्स्ड आहे का तेही मॅन्युअलमध्ये बघा. बॅलन्स्ड जोडणीत सिग्नल दोन तारांवर उलटसुलट जातो आणि पलीकडचं इनपुट फक्त त्या दोघांतला फरक घेते, त्यामुळे दोन्ही तारांवर सारखीच चढलेली गुणगुण वजा होते.

त्यानेही भागलं नाही तर ऑडिओचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर. यात सिग्नल चुंबकीय क्षेत्रातून पलीकडे जातो, दोन बाजूंमध्ये तारेचा संबंध राहत नाही आणि लूप खरोखर तुटतो. फार स्वस्तातला घेतलात तर मोठ्या आवाजात खर्ज फाटतो. तेव्हा इथे हात आखडू नका.

यूएसबी आयसोलेटर शेवटी, आणि तोही विचार करून. बरेचसे आयसोलेटर फक्त १२ मेगाबिटचा फुल-स्पीड पुढे जाऊ देतात. तुमचा इंटरफेस ४८० मेगाबिटचा हाय-स्पीड मागत असेल तर तो चालणारच नाही किंवा अर्धवट चालेल. घेण्याआधी दोन्हींच्या माहितीपत्रकात वेग जुळतोय का ते पाहा.

पॉवर कंडिशनर, यूपीएस आणि स्टॅबिलायझर लूप तोडत नाहीत. त्यांच्यातून अर्थिंगची तार सरळ आरपार जाते. बॅटरीवर गेल्यावर चौकोनी लाट देणाऱ्या स्वस्त यूपीएस किंवा इन्व्हर्टरवर तर बझ उलट वाढलेलाच ऐकू येतो.

टप्पा ५: इनपुटची बाजू

इथे एका वेळी एकच चॅनल उघडा. बाकीच्यांचा गेन शून्यावर.

*माइक.* आवाज निव्वळ सूं सूं असेल तर बहुधा दोष कशातच नसतो, माइक लांब ठेवलेला असतो. तोंड आणि माइक यांच्यातलं अंतर निम्मं केलं की सिग्नल साधारण ६ डेसिबलने वाढतो आणि गेन तेवढाच खाली घेता येतो. २४ बिटमध्ये शिखरं −१८ ते −१२ डेसिबलपर्यंत पोचली तरी पुरे. मीटर लाल रंगाच्या जवळ नेण्याची जुनी सवय आता गरजेची नाही. कमी आउटपुटच्या डायनॅमिक माइकला (ज्याला बाहेरून पॉवर लागत नाही) ६० डेसिबलच्या आसपास गेन लागतो आणि साध्या इंटरफेसचे, माइकचा सिग्नल मोठा करणारे प्रीअ‍ॅम्प तिथे सुसायला लागतात. फॅन्टम पॉवरवर (इंटरफेस माइकच्या केबलमधून पाठवतो त्या ४८ व्होल्टवर) चालणारा छोटा बूस्टर इथे खरोखर कामाला येतो.

गुणगुण असेल तर केबल बदलून पाहा. एक्सएलआरची (माइकच्या केबलच्या तीन पिनांच्या कनेक्टरची) पहिली पिन जाळीची असते. तिचा टाका सुटला तरी डायनॅमिक माइक वाजत राहतो, फक्त गुणगुण घेऊन, म्हणून हा दोष कित्येक दिवस लपून राहू शकतो. कंडेन्सर माइक मात्र बंदच पडतो, कारण फॅन्टम पॉवरची परतीची वाट तीच.

*गिटार.* वाजवायच्या पोझमध्येच जागेवर हळूहळू गोल फिरा. एखाद्या दिशेला गुणगुण जवळजवळ नाहीशी झाली तर सिंगल कॉइल (एकाच वेटोळ्याचा) पिकअप खोलीतलं चुंबकीय क्षेत्र पकडतोय. केबल बदलून काही होणार नाही. बसायची दिशा बदला, ट्रान्सफॉर्मर असलेल्या उपकरणांपासून लांब जा, किंवा स्वीच दोन पिकअप एकत्र येतात त्या जागी ठेवा. पुष्कळ गिटारींत ती जोडी हम मारणारी असते.

तारांना हात लावताच बझ कमी होत असेल तर घाबरू नका. तारा अर्थिंगला जोडलेल्या आहेत आणि तुमचं शरीर त्यामुळे आडोसा बनतंय, एवढाच त्याचा अर्थ. हात लावल्यावर बझ वाढत असेल तर जॅकच्या तारा उलट लागल्या असण्याची शक्यता आहे. आणि झिणझिणी आली तर तिथेच थांबा, थेट टप्पा ७ वर जा.

गिटार इंटरफेसच्या ‘इन्स्ट्रुमेंट’ किंवा ‘हाय-झेड’ इनपुटलाच लावा. पेडल असतील तर सगळी काढून गिटार थेट लावून पाहा, मग एकेक पेडल वाढवा. एका अडॅप्टरवरून माळेसारखी पाचसहा पेडल चालवली, त्यातलं एखादं डिजिटल असलं, की त्याची किरकिर सगळ्यांत पसरते. त्या एका पेडलला वेगळा सप्लाय दिला तरी पुरतं.

*कीबोर्ड आणि सिंथ.* हा कोपरा लोकांना सगळ्यांत जास्त छळतो, आणि खरं तर तो सगळ्यांत सोपा आहे. कीबोर्डमधून यूएसबी केबल मिडीसाठी (कुठली पट्टी दाबली वगैरे सांगणाऱ्या संदेशांसाठी) कॉम्प्युटरला जाते, ऑडिओ केबल इंटरफेसला जाते, आणि इंटरफेस परत त्याच कॉम्प्युटरला. वर्तुळ पूर्ण. वाजवत नसतानाही मागे बारीक किरकिर चालू, आणि स्क्रीनवर काही हललं की तिचा सूर बदलतो.

यूएसबी केबल उपटा. किरकिर थांबली तर निदान झालं. कीबोर्डला पाच पिनांचं मिडी आउट असेल तर यूएसबीऐवजी तेच इंटरफेसच्या मिडी इनला जोडा. मिडीच्या मूळ मानकातच इनपुटवर ऑप्टो-कपलर आहे, म्हणजे संदेश प्रकाशातून पलीकडे जातो आणि अर्थिंग जोडलं जात नाही. चाळीस वर्षांपूर्वीचं हे जाड कनेक्टर या एका बाबतीत यूएसबीपेक्षा सरस आहे. पाच पिनांचं मिडी नसेल तर ऑडिओच्या वाटेत डीआय बॉक्स (वाद्याचा सिग्नल बॅलन्स्ड करून देणारं खोकं) घाला आणि त्याचा ग्राउंड लिफ्टचा स्वीच वापरा. तो स्वीच ऑडिओच्या केबलमधलंच अर्थिंग तोडतो, त्यामुळे सुरक्षित आहे.

सावधान: डीआय बॉक्स किंवा माइक जोडताना फॅन्टम पॉवर बंद आणि स्पीकर म्यूट. ४८ व्होल्ट चालू असताना जॅक काढला-घातला तर मोठा ठोका बसतो.

टप्पा ६: हवेतून येणारा कचरा

लूप नाही, केबल ठीक, तरी बझ आहे. आता खोलीतल्या इतर गोष्टी एकेक बंद करा. पहिला संशय दिव्यांच्या आणि पंख्याच्या डिमरवर. डिमर मधल्या जागी असताना बझ सर्वांत जास्त आणि पूर्ण बंद किंवा पूर्ण चालू केल्यावर कमी होत असेल, तर दुसरा पुरावा नको. मग स्वस्त एलईडी दिवे, फोनचे चार्जर.

पॉवरच्या तारा आणि ऑडिओच्या तारा एकत्र बांधण्याचा मोह आवरा. टेबल सुबक दिसतं, पण गुणगुण चढायला याहून चांगली सोय नाही. दोन्हींत वीतभर अंतर ठेवा आणि जिथे ओलांडणं भाग आहे तिथे काटकोनात ओलांडा. अडॅप्टरचे ठोकळे प्रीअ‍ॅम्पच्या अगदी शेजारी नकोत.

फेराइटची गोळी (केबलवर चढवायचा चुंबकीय पदार्थाचा ठोकळा) केबलला लावून ५० हर्ट्झची गुणगुण जात नाही. ती मेगाहर्ट्झच्या घरातल्या रेडिओ लहरींसाठी असते. स्पीकरमधून एखादं रेडिओ स्टेशन ऐकू येत असेल तेव्हा ती जरूर लावून पाहा.

टप्पा ७: इथे हात थांबवा

अर्थिंग असलेल्या उपकरणाच्या धातूला हात लावल्यावर झिणझिणी येत असेल, किंवा दोन उपकरणांना एकाच वेळी हात लावल्यावर झटका बसत असेल, तर तो ऑडिओचा प्रश्न राहिलेला नाही. उपकरणं बंद करा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा. त्याला तीन गोष्टी तपासायला सांगा: सॉकेटला अर्थिंग प्रत्यक्षात आहे का, फेज आणि न्यूट्रल अदलाबदल झालेत का, आणि न्यूट्रल व अर्थिंग यांच्यात किती व्होल्ट दिसतात. सॉकेटमध्ये तिसरं भोक आहे म्हणजे मागे तार जोडलेली आहेच असं नाही.

मल्टिमीटर असलेल्यांसाठी: दोन पिनांच्या अडॅप्टरवरच्या उपकरणाच्या धातूवर मीटर कित्येक दहा व्होल्ट, कधी मेन्सच्या निम्मे व्होल्टही दाखवतो. तो कपॅसिटरमधून झिरपणारा नगण्य करंट असतो. पण तीन पिनांच्या प्लगवरच्या उपकरणाचं खोकं आणि खात्रीचं अर्थिंग यांच्यात असा आकडा दिसता कामा नये. ट्यूब अ‍ॅम्प किंवा पॉवर सप्लायचं झाकण स्वतः उघडू नका. प्लग काढल्यानंतरही आतल्या कपॅसिटरमध्ये धोकादायक चार्ज राहू शकतो.

टप्पा ८: उरलेल्यासाठी सॉफ्टवेअर

आता पुन्हा दहा सेकंदांची शांतता रेकॉर्ड करा आणि वहीतल्या पहिल्या आकड्याशी ताडून पाहा. जे थोडं उरलं असेल ते सॉफ्टवेअरवर सोडायला हरकत नाही, पण क्रम पाळा. आधी खालचे सूर कापणारा हाय-पास फिल्टर, गायनासाठी साधारण ८० हर्ट्झच्या आसपास. मग गरज असेल तर १००, १५०, २०० अशा शिखरांवर अरुंद नॉच (तेवढाच सूर कापणारा फिल्टर). त्यानंतरच डीनॉइझ (नमुना घेऊन कचरा वजा करणारं साधन), आणि तेही हलक्या हाताने, नाहीतर आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो. हे सगळं कॉम्प्रेसरच्या (मोठे आवाज दाबणाऱ्या साधनाच्या) आधी. कॉम्प्रेसर आणि त्यानंतर आवाज पुन्हा वाढवणारा मेकअप गेन शांत जागा वर उचलतात, आणि आधी न जाणवलेली गुणगुण १०-१५ डेसिबलने वर येऊन बसते. गेट (ठरावीक पातळीखालचा आवाज बंद करणारं साधन) लावणार असाल तर तो फक्त दोन ओळींमधली गुणगुण कापतो. गायक गात असताना ती मागे आहेच.

प्रत्येक टेकच्या सुरुवातीला पाचेक सेकंद कुणीही न हलता नुसतं रेकॉर्ड होऊ द्या. डीनॉइझला नमुना म्हणून ते लागतंच, शिवाय नवं उपकरण आणल्यानंतर आवाज वाढला का हे जुन्या टेकशी ताडून लगेच कळतं.